हवामानाच्या नावानं

"कारण काय लिहू?" गुळवणींनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

टेबलाभोवती आम्ही दहा-बारा जण बसलो होतो आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सकाळी उडायचं रॉकेट जागचं हललं नव्हतं. दुसऱ्या टप्प्यातला इंधनाचा एक व्हॉल्व्ह गळत होता. तो व्हॉल्व्ह ज्यांच्या खात्यातला, ते कुरियनसाहेब खिडकीतून समुद्राकडे असे बघत होते, जणू समुद्र आजच आणून ठेवलाय.

"व्हॉल्व्ह लिहू नका," मोहिमेचे प्रमुख रंगराजन म्हणाले. "व्हॉल्व्ह लिहिलं की उद्या देशातला प्रत्येक माणूस व्हॉल्व्हमधला जाणकार होईल."

मग त्यांची नजर टेबलावरून सावकाश फिरत आली आणि शेवटच्या खुर्चीवर थांबली. त्या खुर्चीवर मी होते. वयानं सगळ्यांत लहान, हवामान विभाग.

"हवामान," ते म्हणाले.

मी बाहेर पाहिलं. जानेवारीचं कोवळं ऊन, धुऊन वाळत घातल्यासारखं आकाश.

"सर, हवामान उत्तम आहे."

"ठाऊक आहे मला, औटी. पण हवामान कधी खुलासा छापायला लावत नाही."

गुळवणी लिहायला लागले. लिहिता लिहिता माझ्याकडे झुकून मराठीत पुटपुटले, "मनावर घेऊ नका बाई. हवामानाला काय बायकापोरं आहेत?"

याला आता तीस वर्षं होऊन गेली. पूर्व किनाऱ्यावरच्या एका बेटावर आमचा तळ होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण, मध्ये सुरूची झाडं आणि त्यांत राहणारे आम्ही शास्त्रज्ञ. कामाचं बोलणं सगळं इंग्रजीतून चाले, इथे मी ते मराठीत सांगते आहे. गुळवणी तेवढे कोल्हापूरचे. जनसंपर्क अधिकारी म्हणून आले होते आणि तळावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे आमची गट्टी होती.

माझं काम सांगायला सोपं. उड्डाणाच्या आधी मी आकाशात फुगे सोडायची. फुग्याखाली एक छोटी पेटी. फुगा वर जाताना पेटी खाली कळवत राहायची, की अमुक उंचीवर वारा इतका, तमुक उंचीवर इतका. रॉकेट जमिनीवरच्या वाऱ्याला फारसं भीत नाही. ते भितं दहा-बारा किलोमीटर वरच्या वाऱ्याला. तिथे ते प्रचंड वेगात असतं, आणि तेवढ्यात खालच्या थरात एक वारा आणि वरच्या थरात भलताच, असं झालं तर त्याची कंबर मोडते. मी आकडे बघायचे आणि हिरवं किंवा लाल म्हणायचं. तोपर्यंत मी नेहमी हिरवंच म्हणत आले होते. माझं नाव नीलांबरी, त्यामुळे आकाश माझ्याच घरचं आहे असा तळावरचा एक जुना, शिळा विनोद होता.

त्या दिवशी संध्याकाळी क्वार्टरवर गेले तर अण्णा पायरीवर बसले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. नारायणगावहून खास उड्डाण बघायला आले होते. बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि कुणाकडून तरी मागून आणलेली दुर्बीण घेऊन, दोन रात्रींचा रेल्वेप्रवास करून.

"नीले, हवामान खराब हाय म्हनं?"

"हो."

"मी सकाळपासून त्या गॅलरीत उनात बसलोय. टोपीत अंडं ठिवलं असतं तर पिल्लू चालत घरी आलं असतं. कुठंय खराब हवामान?"

सांगायचं नव्हतं, पण अण्णांपुढे खोटं टिकत नसे. त्यांनी जन्मभर खोट्याचाच धंदा सांभाळला होता. ते तमाशाच्या एका मोठ्या फडाचे मॅनेजर होते. राहुटीत बसून खेळांच्या सुपाऱ्या घ्यायच्या, ट्रक हाकायचे, पोलिसांना समजवायचं, वगातल्या रुसलेल्या सरदाराला परत आणायचं. तळावर मी विचारणाऱ्यांना 'वडील नाट्यव्यवसायात असतात' एवढंच सांगे. लोकांना वाटे संगीत नाटक.

"व्हॉल्व्ह गळतोय, अण्णा. कुणाला सांगू नका."

"मंग त्यात काय?" अण्णांचा चेहरा एकदम उजळला. घरचंच माणूस भेटावं तसा. "आमच्यात नाचणारणीचा घसा बसला की आमी जनरेटर बिघडला म्हनून सांगायचो. पब्लिकला जनरेटरचा राग येत न्हाई. पर एक लक्षात ठिव. उशीर येगळा आन् रद्द येगळं. पब्लिक बसलं की पडदा उघडलाच पायजे. आमच्या ढोलकीवाल्याचा हात मोडला हुता, तर त्यानं एका हातानं वाजवून खेळ काढला."

"दुसऱ्या हाताचं काय?"

"दुसऱ्या हाताचं सोंगाड्यानं वाजवलं. बोलत बोलत."

दुसरी तारीख ठरली. तिच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हत्यारं मोजताना एक पाना कमी भरला. रॉकेटमध्ये हात घालणाऱ्या माणसाचं प्रत्येक हत्यार आत जाताना आणि बाहेर येताना मोजतात. एक पाना आत राहिला आणि उड्डाणात खडखडत फिरला तर काय होईल हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. झालं. उपग्रहावरचं टोपण काढलं, झडत्या घेतल्या, तंत्रज्ञ पोटावर झोपून विजेऱ्या मारत राहिले. पाना सापडला तो पाहणीसाठी दिल्लीहून आलेल्या एका फार मोठ्या माणसाच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात. त्यांनी तो 'जरा वजन बघावं' म्हणून उचलला होता आणि विसरून गेस्ट हाउसला जाऊन झोपले होते.

"कारण?" गुळवणींनी विचारलं.

रंगराजननी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

तिसऱ्या वेळी टॉवर अडला. रॉकेटभोवती तो उंच लोखंडी टॉवर असतो ना, तो उड्डाणाआधी रुळांवरून मागे सरकवावा लागतो. त्याची चाकं खाऱ्या हवेनं गंजून रुळाला चिकटली होती. तेल ओतलं, घण मारले, शेवटी चाकं सुटली, पण तोवर वेळ टळली होती.

"हवामान," मीच म्हणाले.

"आज तर थोडंफार खरंही आहे," गुळवणी म्हणाले. "गंज म्हणजे हवामानच की."

पेपरांनी मात्र आता दात काढायला सुरुवात केली होती. एका व्यंगचित्रात एक बाई छत्री घेऊन रॉकेटवर बसली होती आणि वर लख्ख सूर्य होता. बाईला माझ्यासारखाच चष्मा होता. टाउनशिपमध्ये मी बाहेर पडले की शेजारच्या बायका विचारत, "मॅडम, आज पापड घालू का?" कँटीनमधला वाढपी सांबार वाढताना आकाशाकडे हात दाखवून हसायचा. व्हॉल्व्हचे मालक कुरियन तर माझ्याशी सहानुभूतीनं वागायला लागले. "होतं असं," ते म्हणत. "तुमचा विभागच असा बेभरवशाचा."

तिकडे अण्णांचा मुक्काम लांबत चालला. शेजारच्या तेलुगू मास्तरांशी त्यांची दोस्ती झाली होती. मास्तरांना हिंदी येत नव्हतं, अण्णांना तेलुगू येत नव्हतं, तरी दोघं रोज संध्याकाळी तासभर गप्पा मारत आणि हसून हसून खोकत. पण मुख्य रस्त्यावरच्या एसटीडी बूथवरून परत आले की अण्णांचा चेहरा उतरलेला असे. सगळ्या नारायणगावात ते सांगून आले होते, की आमची पोरगी रॉकेट सोडती. आता गावातून रोज एकच प्रश्न. सुटलं का?

"मागल्या शुक्कारपासनं बाळू न्हावी इचारतोय," एकदा ते वैतागून म्हणाले. "म्हनतो, अण्णा, वात वली झाली का काय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं हवामान." अण्णांनी तंबाखू मळायला घेतली. "तो म्हनला, मंग तुमची पोरगी हवामानातच हाय ना?"

चौथी तारीख आली ती मंत्र्यांना घेऊन. ज्यांच्या अखत्यारीत आमची संस्था होती ते स्वतः दिल्लीहून येणार होते, बरोबर पत्रकारांचं विमान भरून. रस्त्यांच्या कडेला चुना पडला. गेस्ट हाउसचे पडदे बदलले. लाँचपॅडपाशी फोडायला नारळ आणले, आणि ते नारळ फोडायचे कुणी यावर दोन विभागांत भांडण झालं. या खेपेला सगळं चालत होतं. व्हॉल्व्ह गळत नव्हता, पाने मोजून भरत होते, टॉवर लोणी लावल्यासारखा मागे सरकला होता.

अण्णांचंही परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं. पुतणीचं लग्न तोंडावर आलेलं, थांबणं शक्य नव्हतं. सकाळी त्यांनी ठेवणीतला फेटा बांधला. मी नको नको म्हणत असताना माझ्या कपाळाला अबीरही लावला.

"आज सोडतीस का न्हाई?"

"मी सोडत नाही, अण्णा. मी फक्त वारा बघते."

"तेच गं. आज वारा कसाय?"

"पहाटेचा फुगा चांगला होता. आता शेवटचा सोडायचाय."

"मंग झालं," ते म्हणाले आणि दुर्बीण गळ्यात अडकवून मास्तरांबरोबर गॅलरीकडे निघाले.

शेवटचा फुगा मी स्वतः सोडला. खाली झुळूक नव्हती. झेंडे काठ्यांना चिकटून लोंबत होते. फुगा सरळ वर गेला, मोत्याएवढा झाला, दिसेनासा झाला. मी खोलीत येऊन कागदावर उमटत जाणारे आकडे बघत बसले. पाच किलोमीटर, ठीक. आठ, ठीक. दहाच्या पुढे वाऱ्यानं दिशा बदलली आणि जोर धरला. अकराला तो मर्यादेवर टेकला. त्याच्या जरा वर मर्यादा ओलांडून गेला.

फार नाही. थोडाच.

मी माझ्या मदतनिसाला, सेल्वीला, आकडे परत काढायला सांगितले. मी वेगळे काढले, तिनं वेगळे काढले. जुळले. सेल्वी माझ्याकडे बघून म्हणाली, "आजच?"

कंट्रोल रूममध्ये उलटी गणती अर्ध्यावर थांबवलेली होती. अशी ठरलेली विश्रांती असते, तेवढ्यात प्रत्येक विभाग आपला कौल देतो. माइकवरून एकेक नाव पुकारलं जात होतं आणि एकेक उत्तर येत होतं. इंधन, हिरवं. कुरियननी ते 'हिरवं' असं म्हटलं की त्यात पूर्वीचे सगळे व्हॉल्व्ह धुऊन निघाले. उपग्रह, हिरवं. रडार, हिरवं. मागच्या काचेपलीकडे मंत्री बसले होते, खांद्यावर शाल, हातात चहा.

"हवामान."

"लाल," मी म्हणाले.

खोलीत कुणीतरी हसलं. खरंच हसलं. त्यांना वाटलं मी बदला घेते आहे.

माइक बंद झाला आणि रंगराजन स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आले. उंच, कृश माणूस. कपाळावर विभूती, पायांत सँडल. कधी आवाज चढवत नसत. आजही चढवला नाही.

"किती वर?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो पाहिला आणि डोळे मिटले.

"हे मोजण्यातल्या चुकीएवढं आहे, औटी."

"असू शकेल, सर."

"म्हणजे वारा मर्यादेच्या आतही असू शकेल."

"आणखी वरही असू शकेल."

"मर्यादा ठरवताना आपण वर थोडी जागा सोडलेली असते. तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे."

"हो सर. त्या जागेत आपण जायचं नाही असं ठरवून ती सोडलेली असते."

एवढ्यात काचेपलीकडून मंत्र्यांचे सचिव आले. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी माझ्याकडे न बघता रंगराजनना विचारलं, "साहेब विचारतायत, अडचण काय आहे? बाहेर पान हलत नाहीये."

"वरती वारा आहे," रंगराजन म्हणाले.

"पुन्हा हवामान?" सचिव म्हणाले. मग ते हसले. सरकारी, सभ्य हसू. "सर, तीन वेळा हवामान. आज साहेब स्वतः आलेत. बाहेर चाळीस पत्रकार उन्हात गॉगल लावून बसलेत. त्यांना मी काय सांगू, हवामान खराब आहे?"

ते गेले. रंगराजन माझ्या टेबलावर हात टेकून उभे राहिले. मला त्यांच्या बोटांची नखं दिसत होती, चावून चावून खाल्लेली. या माणसानं सात वर्षं या रॉकेटवर घालवली होती. मागचं रॉकेट समुद्रात गेलं होतं तेव्हा ते तीन दिवस घरी गेले नव्हते, असं लोक सांगत.

"तू जर थोडं हिरवं म्हणू शकलीस," ते हळूच म्हणाले, "तर पुढची जबाबदारी माझी. तसं मी लिहून देतो."

थोडं हिरवं. अजूनही ते शब्द मला आठवतात.

खरं सांगते, मी म्हणणार होते. मला मंत्र्याची भीती नव्हती, बदलीचीही नव्हती. मला गॅलरीत फेटा बांधून बसलेले अण्णा दिसत होते. त्यांचं उद्याचं तिकीट. बाळू न्हावी. ज्या माणसानं 'तमासगिराची पोर' हे शब्द माझ्या कानांवर येऊ नयेत म्हणून मला पाचवीपासून पुण्याला मावशीकडे ठेवलं, त्याला आयुष्यात एकदा दाखवायला माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती. आणि वारा थोडाच वर होता. थोडाच.

पण मला रागही आला होता. इतके दिवस तो साचत होता, पापडांवरून, सांबारावरून, त्या छत्रीवाल्या बाईवरून. तो आता अशा वेळी तोंडात आला की मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

"सर, तीन वेळा हवामान खराब आहे असं माझ्या फुग्यांनी म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हटलं होतं. हे माझं पहिलंच आहे."

 रंगराजननी टेबलावरचे हात काढले, सदरा नीट केला आणि माइककडे गेले.

"उड्डाण रद्द," ते म्हणाले. "इंधन काढायला घ्या."

मागे काचेपलीकडे चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. काच जाड होती, आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. पण मी आजही शपथेवर सांगेन की तो मी ऐकला.

मग पुन्हा तेच टेबल, तेच दहा-बारा जण.

"कारण काय लिहू?" गुळवणींनी विचारलं. मग माझ्याकडे बघून उत्साहानं म्हणाले, "आज तर बिनदिक्कत लिहू या. हवामान!"

"नको," रंगराजन म्हणाले.

"अहो, पण आज खरंच..."

"म्हणूनच नको. कोण विश्वास ठेवेल?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तांत्रिक कारण लिहा."

"कुठलं तांत्रिक?"

 हळूहळू सगळ्यांच्या नजरा कुरियनकडे वळल्या.

"अजिबात नाही!" कुरियन खुर्चीतून उठले. "माझा व्हॉल्व्ह आज देवासारखा चाललाय! देवासारखा!"

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत इंधनप्रणालीतल्या किरकोळ बिघाडाची बातमी होती. कुरियन माझ्याशी पुढे वर्षभर बोलले नाहीत. बोलले ते एकदाच, उड्डाण रद्द झालं त्याच दिवशी दुपारी. कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर, हातात ताट घेऊन. दुपारी विभागानं नेहमीसारखा आणखी एक फुगा सोडला होता आणि त्यात वारा मर्यादेच्या आत आला होता. अगदी जेमतेम, पण आत.

"मग, मॅडम?" ते म्हणाले. "तेव्हा उडवलं असतं तर?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

ते खरंच कुणालाच माहीत नव्हतं. आजही नाही. मोडून पडलेल्या रॉकेटची चौकशी होते, समिती बसते, अहवाल येतो. न उडालेल्या रॉकेटचं काय झालं असतं, हे सांगायला कुणी येत नाही.

घरी आले तेव्हा अण्णांनी फेटा सोडून खुंटीला लावला होता आणि स्टोव्हवर पिठलं टाकलं होतं. भाकऱ्या त्यांनीच थापल्या होत्या, फडात शिकलेल्या, जाड आणि कडांना जळलेल्या. आम्ही जेवायला बसलो.

"परत व्हॉल्व्ह?" त्यांनी विचारलं. "तिथं भोंग्यावर सांगितलं."

"नाही. वारा."

"खरा वारा?"

"खरा."

"पान हलत नव्हतं, नीले."

"वर होता. खूप वर."

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "म्हंजी तू थांबवलंस?"

"हो."

"मंत्री बसलेला असताना?"

"हो."

"पब्लिक बसलेलं असताना," ते स्वतःशीच म्हणाले. आणि मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. उठून दार लावलं. जणू ही गोष्ट शेजाऱ्यांच्या कानावर जायला नको. परत येऊन बसले, जेवले, आणि हात धुऊन लवकरच आडवे झाले. 

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. गाडी लागली होती. ते खिडकीशी बसले, दुर्बीण मांडीवर. मी म्हणाले, "अण्णा, आणखी दोन-तीन दिवसांत उडेल. थांबता आलं असतं तर..."

"पुतनीचं लग्न हाय," ते म्हणाले. गाडी हलली. त्यांनी हात हलवला नाही, नुसता वर धरला.

त्यांची गाडी महाराष्ट्रात शिरली असेल-नसेल तेव्हा आमचं रॉकेट उडालं. वर वारा निवांत होता. मी 'हिरवं' म्हटलं, सगळ्यांनी 'हिरवं' म्हटलं, आणि ते आग ओकत असं सरळ गेलं की खाजणातले सगळे पक्षी एकदम उठले. उपग्रह ठरल्या जागी पोचला. रंगराजन रडले. मंत्र्यांनी दिल्लीहून अभिनंदनाची तार केली. कुठल्याही भाषणात त्या रद्द झालेल्या दिवसाचा उल्लेख आला नाही, आणि आला असता तरी त्यात व्हॉल्व्ह असता.

लग्न आटोपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बूथवरून गावी फोन केला. किराणा दुकानातून अण्णांना बोलावून आणायला वेळ लागला. "उडालं," मी म्हणाले. "बरं झालं," ते म्हणाले. "लग्नात मीठ कमी पडलं." आणि फोन ठेवला.

मला वाटलं, रागावले. जन्मात एकदा बोलावलं आणि उन्हात बसवून परत पाठवलं. पब्लिक बसलेलं असताना पडदा पाडला. त्यांच्या धंद्यात याहून मोठं पाप नव्हतं. पुढे बरेच महिने आमचं फोनवर बोलणं झालं ते पाऊसपाणी, दुखणीखुपणी एवढंच. मीही विषय काढला नाही.

पुढच्या चैत्रात रजा मिळाली आणि मी गावी गेले. जत्रांचा हंगाम, राहुट्यांपुढे सुपारी द्यायला आलेल्या गावकऱ्यांची झुंबड. अण्णा निवृत्त झाले होते, पण रोज जुन्या फडाच्या राहुटीत जाऊन बसत. चहाच्या वेळी मी त्यांना बोलवायला गेले. राहुटीबाहेरच मला त्यांचा आवाज ऐकू आला. तो मॅनेजरचा आवाज नव्हता. तो वगातला आवाज होता, आतून रुंद झालेला.

"...मंत्री उठला. म्हनला, कोन हाय ती? माझं इमान थांबलंय! माझ्या पोरीनं टेबलावर हात आपटला. म्हनली, इमान असंल तुमचं, आभाळ माजं हाय! आभाळात वारा हाय, मी सोडनार न्हाई! पन्नास शास्त्रज्ञ, एकाच्या तोंडातनं शबुद न्हाई! मी तिथंच हुतो, या डोळ्यांनी बघितलं..."

मी दारात उभी राहिले. आत आठ-दहा जण होते, दोन सुपारीवाले पाटील, ढोलकीवाला, पोरी, आणि खुर्चीत फडाच्या मालकीणबाई, यमुनाबाई. साठी उलटलेल्या, तोंडात पान. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णांचं वाक्य मध्येच तुटलं.

"हीच का?" यमुनाबाईंनी विचारलं.

अण्णा राहुटीच्या खांबाकडे बघायला लागले.

"हीच," ढोलकीवाला म्हणाला. "येऊ द्या ताई आत. पुढच्या वेळी रॉकेट अडलं तर आमाला बोलवा, आमी ढकलू."

सगळे हसले. यमुनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं, शेजारच्या ट्रंकेवर बसवलं आणि निरखून पाहिलं.

"मी चाळीस वर्षं फड चालवला," त्या म्हणाल्या. "पाऊस आला, मारामाऱ्या झाल्या, दगडं पडली. खेळ रद्द करायची माजी छाती झाली न्हाई कधी. ह्यानीच होऊ दिली न्हाई." त्यांनी अण्णांकडे बोट दाखवलं. "आन् आता हाच माणूस वर्षभर हितं बसून येईल त्याला तुजी ष्टोरी सांगतोय. आमच्या पोरी पाठ म्हनतील आता. पर मला एक सांग बाई. खरं सांग."

"विचारा ना."

"वारा सुटला आन् त्या मंत्र्याची टोपी उडून समुद्रात पडली, म्हनतो हा. ते खरं का?"

 अण्णांचा हात तंबाखूच्या डबीवर होता, तो तिथेच राहिला. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"खरंय," मी म्हणाले. "पार आत जाऊन पडली. कोळ्यांनी काढून दिली."